अडकलेला बॉल जॉइंट नकलमधून सोडवताना

पुढच्या चाकाचा लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) घरच्या घरी बदलायला घेतला की बुशचे (आर्मच्या सांगाड्याकडच्या रबरी सांध्याचे) बोल्ट आणि स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याचा दुवा) फारशी कुरकुर न करता निघतात, पण आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट (गोळ्यावर फिरणारा सांधा) मात्र नकलमधून, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या धातूच्या भागातून, हलायलाच तयार नसतो. कोकण किनारपट्टीवर वापरलेल्या गाड्यांत हे हमखास होते, कारण खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे स्टड (बॉल जॉइंटचा नकलच्या भोकात बसणारा दांडा) आणि नकल यांच्यामधल्या बारीक फटीत गंज धरतो आणि तिथेच फुगून बसतो. अशा वेळी मोठा हातोडा शोधण्याआधी जॉइंट कोणत्या प्रकारचा आहे ते नीट पाहावे. अडकण्याचे कारण प्रकारानुसार बदलते आणि एका प्रकाराला लागू पडणारा उपाय दुसऱ्याचे नुकसान करतो.

स्टडच्या टोकावर नट आणि त्यातून आरपार गेलेली स्प्लिट पिन दिसत असेल, किंवा तिथे नायलॉनचा लॉकनट असेल, तर स्टड निमुळता आहे असे समजावे. टोकावर नट नसून नकलच्या चिरलेल्या कानातून एक बोल्ट आडवा गेलेला असेल, तर स्टड सरळ दंडगोल आहे आणि तो आडवा बोल्ट म्हणजे पिंच बोल्ट. मारुती सुझुकीच्या बहुतेक लहान गाड्यांत हा दुसरा प्रकार आढळतो.

काम सुरू करण्यापूर्वीची तयारी थोडक्यात सांगतो, पण ती टाळू नये. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, आणि जॅकने उचलल्यावर गाडीचा भार बॉडीखाली ठेवलेल्या जॅक स्टँडवर घ्यावा. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हातोडा चालवणे जिवावर बेतू शकते. डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण गंजाचे कण उडतात. इथे लिहिलेली रीत मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाड्यांसाठी आहे, जिथे स्प्रिंग स्ट्रटवरच (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या उभ्या नळीवरच) बंदिस्त असते. ज्या गाडीत वर-खाली दोन आर्म असून स्प्रिंगचा किंवा टॉर्शन बारचा (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्याचा) ताण खालच्या आर्मवर येतो, तिथे बॉल जॉइंट सुटताच आर्म प्रचंड जोराने खाली झेपावतो. तसे काम योग्य साधनांशिवाय घरी करूच नये.

शक्य असल्यास आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने जॉइंटभोवतीचा चिखल आणि गंज खरवडून काढावा आणि पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारे पातळ तेल) मारून ठेवावे. रात्रभर मुरलेले तेल दुसऱ्या दिवशीची निम्मी झटापट वाचवते. ब्रेक डिस्कवर मात्र त्याचा शिंतोडा उडू देऊ नये.

निमुळत्या स्टडचे अडकणे कसे असते हे समजले तर ताकद फुकट जात नाही. त्याचा व्यास साधारणपणे आठ ते दहा मिलिमीटर लांबीत एक मिलिमीटर इतका कमी होत जातो. नट आवळल्यावर तो नकलच्या भोकात पाचरीसारखा रुततो आणि केवळ घर्षणाने धरून राहतो. म्हणूनच तो तसूतसूने सरकत नाही; एकदा पकड सुटली की ‘टक्’ असा आवाज येऊन क्षणात पूर्ण मोकळा होतो. ती पकड मोडण्यासाठी एकाच वेळी दोन गोष्टी लागतात, सतत खेचणारा ताण आणि बाजूने बसणारा हिसका.

स्प्लिट पिन काढून नट सैल करावा, पण तो पूर्ण काढू नये. तीन-चार आट्यांवर राहू द्यावा, म्हणजे जॉइंट सुटला तरी आर्म उसळणार नाही. नंतर लांब पहारीने आर्म खाली दाबून धरावा आणि ज्या भोकात स्टड बसला आहे त्या नकलच्या कानावर बाजूने, धातू जिथे जाड आहे तिथे, एक-दीड किलोच्या हातोड्याने नेमके घाव घालावेत. समोरच्या बाजूला दुसरा जड हातोडा टेकवून धरला तर घावाचा जोर वाया जात नाही. घावासरशी भोक क्षणभर किंचित लंबगोल होते, तेवढ्यात ताणाखालचा स्टड निसटतो. स्टडच्या टोकावर मात्र कधीही मारू नये. टोक फुलते, आटे बिघडतात आणि नट निघण्याची वाटही बंद होते. नकल अ‍ॅल्युमिनियमची असेल तर हातोडा बाजूला ठेवून स्क्रूचा बॉल जॉइंट पुलरच वापरावा. पुलर आवळून ताण आणावा आणि पोलादी नकल असल्यास मग कानावर घाव घालावा. माझ्या मते हा मार्ग सर्वांत भरवशाचा आहे. दोन दातांचा फोर्क ठोकूनही जॉइंट सुटतो, परंतु त्यात रबरी बूट (जॉइंटवरचे आवरण) बहुधा फाटतो, म्हणून जुना जॉइंट टाकूनच द्यायचा असेल तेव्हाच तो हाती घ्यावा.

कधीकधी नट फिरवताना स्टडही बरोबर फिरू लागतो. तेव्हा आर्मखाली जॅक लावून जॉइंट हलकेच वर दाबावा, म्हणजे निमुळता भाग पुन्हा रुततो आणि स्टड स्थिर राहतो. काही स्टडच्या टोकाला अ‍ॅलन कीसाठी खाच असते, तिचाही उपयोग होतो.

पिंच बोल्टच्या प्रकारात सरळ स्टडला एका बाजूने आडवी खोबण असते आणि बोल्ट त्या खोबणीतून जातो. त्यामुळे तो नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावाच लागतो. तो आत असताना कितीही ओढले तरी स्टड येणार नाही. बोल्ट गंजलेला असेल तर एकदम उलटा न फिरवता आधी अगदी थोडा आवळावा, मग सोडवावा, पुन्हा तेल सोडून मागे-पुढे करत काढावा. घाईत त्याचे डोके तुटले तर उरलेला तुकडा ड्रिलने काढावा लागतो, आणि हे काम नकल उतरवून लेथवाल्याकडे नेणेच शहाणपणाचे.

बोल्ट निघाल्यावर कानाच्या चिरेत छिन्नी हलक्या हाताने बसवावी. चीर केसभर रुंदावली की पुरे, जास्त फाकवली तर ओतीव धातूला तडा जाईल. सरळ स्टड निमुळत्यासारखा एका झटक्यात मोकळा होत नाही, तो शेवटपर्यंत घासतच बाहेर येतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या स्टॅबिलायझर लिंक आधी सोडाव्यात, आर्मला साखळी बांधून तिच्यात लांब पहार घालावी आणि खाली दाबत असताना नकल डावी-उजवीकडे थोडी फिरवत राहावी. या फिरवण्याने गंजाचा थर चुरतो आणि मिलिमीटर-मिलिमीटर करत स्टड खाली येतो. तो निसटताच नकल हाताने धरावी. ती बाहेर झुकली तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निखळू शकतो आणि ब्रेकच्या होजवर ताण येतो.

गॅसच्या ज्वाळेने तापवण्याचा सल्ला पुष्कळदा मिळतो. मी तो घरच्या कामासाठी देणार नाही, कारण शेजारीच ग्रीस, रबर, बेअरिंगचे सील, ब्रेकची होज आणि एबीएस सेन्सरची वायर असते.

नवा जॉइंट बसवताना भोक ब्रशने स्वच्छ करावे. निमुळत्या स्टडला ग्रीस लावू नये, तो कोरडाच बसला पाहिजे. सरळ स्टड पूर्ण आत गेला आहे की नाही याची खूण सोपी आहे: नवा पिंच बोल्ट हाताने आरपार सरकतो. तो ठोकावा लागत असेल तर खोबण भोकासमोर आलेली नाही. प्रत्येक नट-बोल्ट त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरवून दिलेल्या जोरानेच) आवळावा. कॅसल नटची (स्प्लिट पिनसाठी खाचा असलेल्या नटची) खाच स्टडच्या भोकाशी जुळत नसेल तर नट आणखी थोडा पुढे न्यावा, मागे कधीच फिरवू नये, आणि स्प्लिट पिन नवी घालावी. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवून भार आल्यावरच शेवटचे आवळावेत, नाहीतर बुश कायम पिळलेला राहून लवकर फाटतो. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी आणि शंभर किलोमीटरच्या आतच बॉल जॉइंटचा नट किंवा पिंच बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा एकदा तपासावा.