संगणक बंद, तरी घरच्या फोनवर इंटरनेट कॉल
जुना लँडलाइन फोन इंटरनेटवर चालवायला ग्रँडस्ट्रीम एचटी८०१ सारखा एक अ‍ॅडॉप्टर पुरतो. लॅन वायर राउटरला, फोनची वायर ‘फोन’ पोर्टला. रिसीव्हर उचलून *** (तीनदा स्टार) दाबा, मग ०२. यंत्र स्वतःचा आयपी पत्ता बोलून दाखवतं. त्याच वायफायवरच्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो टाका आणि एफएक्सएस पोर्टच्या (म्हणजे फोन जोडलेल्या पोर्टच्या) पानावर इंटरनेट कॉलची सेवा देणाऱ्या कंपनीने दिलेला एसआयपी (इंटरनेट कॉल जोडण्याची पद्धत) सर्व्हर, यूजर आयडी, पासवर्ड भरा. घंटी वाजते, पण आवाज एकाच बाजूने येतो? बहुतेक वेळा राउटरमधलं एसआयपी एएलजी (इंटरनेट कॉलच्या माहितीत फेरफार करणारं सेटिंग) नडतं. ते बंद करा. भिंतीवरच्या जुन्या टेलिफोन सॉकेटला मात्र अ‍ॅडॉप्टर जोडू नका. एक्स्चेंजकडून येणारे ४८ व्होल्ट अजून चालू असले तर पोर्ट जळू शकतो. आणि वीज गेली की हा फोनही गेला, म्हणून राउटर नि अ‍ॅडॉप्टर दोन्ही यूपीएसवर घ्या.