एकत्र उपासना ठरवताय? आधी तालीम ठरवा

ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह दरवर्षी १८ ते २५ जानेवारीला असतो. त्यात सगळ्या पंथांची एक उपासना ठेवायची, तर हे वाचा. आमच्या नगरमध्ये सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आमचं प्रोटेस्टंट चर्च), कॅथलिक, मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) अशी सगळी मंडळी एकमेकांच्या लग्नात जेवतात, पण रविवारी ज्याची त्याची वाट वेगळी. मी चर्चमध्ये पेटी वाजवते, त्यामुळे सांगणार तेही पेटीमागून दिसलेलं.

आपले पाळकसाहेब आणि कॅथलिकांचे फादर यांना नोव्हेंबरातच एकत्र बसवा. नाताळ लागला की दोघंही सापडत नाहीत. घाई करू नका. सहा मंडळ्या मिळून १९७० साली नागपुरात आमची सीएनआय झाली, त्याची बोलणी १९२९ पासून चालली होती! बैठकीत एकच नाजूक गोष्ट मिटवा: प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, ठेवायचं नाही. कॅथलिकांना आपल्याकडे ते घेता येत नाही, त्यांच्या मिस्सात (म्हणजे त्यांच्या उपासनेत) आपल्याला मिळत नाही, आणि मुक्तिफौजेत हा विधीच नाही. ऐक्याच्या दिवशीच अर्धी माणसं बाकावर बसून राहणार असतील तर कशाला? वचन, प्रार्थना आणि गाणी पुरेत. वाचन योहानाच्या शुभवर्तमानातल्या सतराव्या अध्यायाचं, सगळ्यांनी एक व्हावं ही येशूची प्रार्थना तिथेच आहे.

आता गाणी. पाश्चात्त्य चालीची गीतं कमी घ्या. चाल तीच असली तरी लय प्रत्येकाची निराळी. आमचे म्हातारे दुसऱ्या ओळीवर असतात तेव्हा कॅथलिक पोरांचं गिटार कडवं संपवून मोकळं. भजनात हा घोटाळा होत नाही, झांज सगळ्यांना धरून ठेवते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं काढा. त्यांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला तो पंथ न बघता, बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणायला. पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरावरून गायचं ते: पुरुषांना काळी एक सोपी, बायकांना काळी चार. गर्दीसाठी मी काळी दोन धरते आणि फार वर न चढणारी चाल निवडते.

तालमी किमान दोन घ्या, दोन वेगळ्या चर्चमध्ये. चहा यजमानांचा. खरं सांगू, ओळखी होतात त्या इथेच. उपासनेच्या दिवशी सगळे इस्त्रीच्या कपड्यांत अवघडलेले असतात. मुक्तिफौजेचा ड्रम येणार असेल तर तबल्याला माइक द्या.

प्रभूची प्रार्थना कागदावर छापाच. ‘वाइटापासून सोडव’ म्हणून कॅथलिक थांबतात, कारण मिस्सात तिथे फादरांची प्रार्थना येते. आपण थेट ‘राज्य, सामर्थ्य’वर जातो. कुठवर म्हणायचं ते आधी ठरलेलं बरं.

उपदेश पाहुण्याने करावा, पंधरा मिनिटं. अर्पण कुठे जाणार हे थैली फिरण्याआधी जाहीर करा.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी बायकांचा जागतिक प्रार्थना दिन येतो. त्याची जागा आणि वेळ या उपासनेच्या रात्रीच भांडी घासताना ठरवून टाका. पाळकांना नंतर कळवलं तरी चालतं.