शर्मन रणगाड्याच्या मॉडेलवरची पांढरी झाक अशी घालवली

1945 मध्ये ब्रह्मदेशात मेइक्तिलाच्या लढाईत प्रोबिन्स हॉर्स ही तेव्हाच्या ब्रिटिश भारतीय सैन्यातली रेजिमेंट शर्मन रणगाडे घेऊन उतरली होती. तोच ताफा मी टेबलावरच्या युद्धखेळासाठी 1/56 मापाच्या छोट्या मॉडेल्समध्ये करतोय. जोडणी, प्रायमर (रंगाआधीचा थर), ऑलिव्ह ड्रॅब हा लष्करी हिरवा रंग, सगळं मनासारखं झालं. शेवटी मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या व्हार्निशचा स्प्रे मारला आणि नाशिकच्या जुलैने इंगा दाखवला. रंगावर पांढुरकी झाक आली. इंजिनाच्या जाळीत आणि चाकांच्या फटींत तर पीठ भुरभुरल्यासारखी. फार जीवाला लागलं.

कारण हवेतला दमटपणा. स्प्रेतलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरतं आणि व्हार्निश खडबडीत वाळतं. त्या खडबडीत थरावर प्रकाश विखुरतो, म्हणून पांढरं दिसतं. खालचा रंग शाबूत असतो!

रणगाड्याच्या पोटाला ओलं बोट लावून पाहिलं. ओलं असेपर्यंत पांढरेपणा गायब. म्हणजे खाचखळगे भरले की काम होणार. पूर्ण वाळू दिलं आणि मऊ ब्रशने ॲक्रिलिक ग्लॉस (चकचकीत) व्हार्निशचा पातळ हात दिला. जाळीत ते साचू देऊ नका, कोरड्या ब्रशने लगेच टिपून घ्या. डोळ्यांदेखत हिरवा रंग परत वर आला. दुसऱ्या दिवशी चकाकी घालवायला मॅट व्हार्निश, तेही ब्रशनेच.

पावसाळ्यात आता स्प्रेला हात लावत नाही. दिवाळीनंतरची कोरडी हवा त्यासाठी उत्तम.