भाड्याच्या घरात डिश नेताना: आधी आग्नेय मोकळी आहे का बघा

भाड्याचं घर बघायला गेल्यावर पाणी किती वाजता येतं, पार्किंग मिळेल का, मेंटेनन्स कोण भरणार हे सगळे विचारतात. डीटीएच पुढे चालू ठेवायचं असेल तर आणखी एक गोष्ट तिथेच उभं राहून बघायला हवी: घरातून किंवा गच्चीवरून आग्नेयेचं आकाश मोकळं दिसतं का? डिपॉझिट देऊन सामान लावल्यानंतर कंपनीचा माणूस येतो आणि ‘इथे सिग्नल मिळणार नाही’ म्हणून निघून जातो, तेव्हा त्यामागचं कारण बहुतेक वेळा दिशेचंच असतं.

आपल्याकडचे डीटीएचचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ८३ ते १०८ अंश पूर्व रेखांशांदरम्यान आहेत. ठाणे आणि नवी मुंबई ७३ अंशांवर. त्यामुळे आपल्या भागात सगळ्या कंपन्यांच्या छत्र्या दक्षिण आणि पूर्व यांच्या मधेच बघतात. पण प्रत्येकीची जागा वेगळी आहे, आणि घर निवडताना हा फरक फार उपयोगी पडतो.

उत्तर शून्य, पूर्व ९० आणि दक्षिण १८० अंश धरा. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर आहे. ठाण्यातून तो साधारण १५२ अंश दिशेला, क्षितिजापासून ६५ अंश उंचीवर येतो. डीटूएचचा ८८ वर: दिशा १४१, उंची ६२. दूरदर्शनची फ्री डिश ९३.५ वर आणि डिश टीव्ही ९५ वर: दोघांची दिशा १३० च्या आसपास, उंची ५६-५७. एअरटेलचा सगळ्यात पूर्वेला, १०८.२ वर: दिशा ११५ आणि उंची फक्त ४४ अंश. ऐरोली, खारघर, पनवेल कुठेही गेलात तरी हे आकडे फार तर अर्ध्या अंशाने हलतात.

याचा अर्थ असा, की गॅलरीच्या वरचा स्लॅब आडवा येतो तो ६५ अंशवाल्यांना, आणि समोरची इमारत आडवी येते ती ४४ अंशवाल्यांना. समोरची इमारत १२ मीटरवर असेल आणि तुमच्या छत्रीपेक्षा चार मजले उंच असेल, तर एअरटेलचा सिग्नल अडतो. त्याच जागी टाटा प्लेचा सिग्नल अडायला इमारत आठ-नऊ मजले उंच लागेल. उलट गॅलरीत छत्री कठड्यापासून मीटरभर आत ठेवली आणि वरचा स्लॅब तिच्यापेक्षा दीड मीटर उंच असला, तर टाटा प्लेला काहीच मिळणार नाही. एअरटेलचं कदाचित भागेल. गॅलरीत बसवायची असेल तर छत्री जितकी बाहेर आणि जितकी खाली, तितकं बरं. वरच्या मजल्याचा छज्जा कठड्याच्याही पुढे आला असेल तर तो हिशेबात धरा.

मोबाइलच्या कंपासने दिशा बघताना लोखंडी ग्रिलपासून दोन पावलं दूर उभे राहा, नाहीतर काटा वीस-तीस अंश चुकवेल. त्याहून सोपी खूण म्हणजे खाली उतरून त्याच बाजूच्या इतर फ्लॅटांच्या छत्र्या बघणं. तुमच्याच कंपनीची छत्री खालच्या किंवा वरच्या गॅलरीत असेल तर प्रश्न मिटला.

पश्चिमेकडे तोंड असलेल्या घरांची खरी अडचण होते. वर्तकनगर-मानपाड्याकडे येऊरचा डोंगर दिसणारे आणि वाशी-कोपरखैरण्यात खाडी दिसणारे फ्लॅट हवेशीर असतात, पण त्या गॅलरीतून एकही उपग्रह दिसत नाही. तिथे गच्ची हाच मार्ग. घणसोली-रबाळ्याच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे म्हणून मात्र घाबरू नका. ४४ अंशांची नजर त्याच्या बरीच वरून जाते.

सोसायटी आणि घरमालक

गच्ची सोसायटीची असते, घरमालकाची नाही. त्यामुळे मालकाने होकार दिला तरी सेक्रेटरी किंवा मॅनेजरला विचारावंच लागतं. घोडबंदर रोड, खारघर, सीवूड्सच्या उंच टॉवरमध्ये बाहेरच्या भिंतीवर छत्री लावायला बहुधा बंदी असते. त्याऐवजी गच्चीवर सामायिक छत्री असते आणि डक्टमधून प्रत्येक फ्लॅटमध्ये केबल येते. अशा इमारतीत नेमका प्रश्न असा विचारा: ‘आमच्या फ्लॅटपर्यंत कोणत्या कंपनीचा सिग्नल येतो, आणि पॉइंट कोणत्या खोलीत आहे?’ तुमचीच कंपनी असेल तर छत्री न्यायची गरजच नाही. बॉक्स लावला की काम झालं. वेगळी असेल तर कंपनी बदलण्याचा विचार करा, कारण एका कंपनीचा बॉक्स दुसरीच्या सिग्नलवर चालत नाही.

सामायिक व्यवस्था नसेल आणि गच्ची विसाव्या मजल्यावर, तुम्ही सहाव्यावर असाल, तर केबल पंचेचाळीस-पन्नास मीटर होते. इतक्या लांबीत सिग्नल बराच क्षीण होतो आणि मीटरच्या हिशेबाने केबलचे पैसेही वाढतात. सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींत ही अडचण नाही. तिथे पंधरा-वीस मीटरमध्ये काम होतं.

गच्चीवर परवानगी देताना सोसायटी सगळ्यात जास्त कशाला घाबरते, तर वॉटरप्रूफिंगला भोक पडण्याला. ती भीती रास्त आहे. एका अँकर बोल्टमुळे खालच्या फ्लॅटचं छत गळू शकतं. म्हणून गच्चीच्या जमिनीला ड्रिल लावू नका. छत्रीचा स्टँड कठड्याच्या आतल्या बाजूला बसवा, किंवा चाळीस-पन्नास किलोच्या काँक्रीटच्या ब्लॉकला बोल्टने आवळून ब्लॉक तसाच गच्चीवर ठेवा. हे आधीच सांगितलं तर परवानगी लवकर मिळते.

लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट नोंदवण्याआधी त्यात एक ओळ घालून घ्या: ‘लायसेन्सीला स्वखर्चाने डीटीएच छत्री बसवण्याची मुभा राहील, घर सोडताना ती काढून भिंत पूर्ववत करून दिली जाईल.’ ॲग्रीमेंट आधीच झालं असेल तर मालकाकडून हेच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. अकरा महिन्यांनी डिपॉझिट परत घेताना एका भोकावरून वाद होऊ नये, एवढ्यासाठीच हे.

फोन करण्याआधी

नौपाडा-पाचपाखाडीत इमारत पुनर्विकासाला गेली की पन्नास-साठ कुटुंबं एकाच महिन्यात बाहेर पडतात, आणि भाड्याच्या घरांची अदलाबदल तशीही एक तारखेभोवतीच होते. त्या दिवसांत कंपनीची माणसं मिळत नाहीत. पाच-सहा दिवस आधी स्थलांतराची नोंद करा आणि दोन वेगळ्या वेळा मागा: जुन्या घरी काढण्याची आणि नव्या घरी बसवण्याची. बऱ्याच सोसायट्यांत ड्रिलिंगला रविवारी आणि दुपारी मनाई असते, तेही बघून वेळ ठरवा. गेटवर माणसाचं नाव आधी कळवून ठेवा.

नोंद कंपनीच्या ॲपमधून किंवा नोंदणीकृत मोबाइलवरून करा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरांवर फसवणूक सर्रास चालते. नंबर ॲपमध्ये किंवा टीव्हीच्या पडद्यावर दिसतो तोच घ्या. काम पूर्ण झाल्याचा ओटीपी चित्र दिसल्यावरच सांगा, दारात नाही.

खर्चाचं म्हणाल तर जुलै २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने बसवणी, भेट आणि स्थलांतर यांच्या शुल्कावरची कमाल मर्यादा काढून टाकली. आता कंपनी आपला दर ठरवते, पण तो जाहीर करणं तिच्यावर बंधनकारक आहे. म्हणून नोंद करतानाच विचारा: काढणं आणि बसवणं मिळून किती, त्यात केबल किती मीटर धरली आहे, पुढच्या मीटरला किती? माणूस घरी आल्यावर सांगेल तो आकडा आणि हा आकडा जुळला पाहिजे.

मधे पंधरा-वीस दिवस नातेवाइकांकडे काढायचे असतील तर खातं तात्पुरतं स्थगित करायला सांगा. बॉक्स बंद ठेवला तरी पॅकचे रोजचे पैसे बॅलन्समधून कापले जातात, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

काढताना

छत्री खोलण्याआधी मार्करने दोन खुणा करा. एक, वर-खाली करण्याच्या बोल्टची पट्टीवरची जागा. दुसरी, एलएनबी (छत्रीच्या हाताच्या टोकाला असलेला, सिग्नल पकडणारा डबा) त्याच्या पकडीत किती फिरवला आहे ती. ठाण्यातून नवी मुंबईत जाताना उंचीचा कोन आणि एलएनबीचा कल जवळपास तोच राहतो. म्हणून हे दोन्ही न सोडता फक्त भिंतीचे बोल्ट खोला. नव्या जागी मग फक्त डावी-उजवी दिशा शोधायची उरते आणि तासाभराचं काम पंधरा मिनिटांत होतं. एलएनबी तिरका दिसतो म्हणून सरळ करायला जाऊ नका. तो तिरकाच हवा.

खाडीकाठच्या इमारतींत चार-पाच पावसाळे काढलेल्या छत्रीचे नट बऱ्याचदा गंजून जाम झालेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. छत्रीचा पत्रा वाकला असेल किंवा तिचा हात डुगडुगत असेल तर ती नेण्यात अर्थ नाही, नवी घ्या. जपून न्यायच्या खऱ्या वस्तू म्हणजे बॉक्स, त्यातलं कार्ड, त्याचाच ॲडॉप्टर आणि रिमोट. कार्ड बॉक्समधून काढू नका. जुनी केबल नेऊ नका; टोकांना पाणी शिरून तांबं काळं पडलेलं असतं.

बसवताना

छत्री ज्या पाइपवर बसते तो ओळंब्यात हवा. दोन बाजूंनी लेव्हल लावून बघा. पाइप दोन अंश कलला तरी तुमची मार्करची खूण निरुपयोगी ठरते, कारण ६० सेंटिमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते.

सिग्नल मोजायचं यंत्र नसेल तर टीव्हीवर सिग्नलचं पान उघडा. त्यावर दोन पट्ट्या असतात, ताकद आणि गुणवत्ता. ताकद छत्री कुठेही वळवली तरी थोडीफार दिसते. बघायची ती गुणवत्ता. छत्री बोटभर सरकवा, पाच सेकंद थांबा, पुन्हा सरकवा. बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो आणि घाईत फिरवणाऱ्याच्या हातून नेमकी जागा निसटते. गुणवत्ता आली की तिथेच थांबू नका. डावीकडे कमी होईपर्यंत, मग उजवीकडे कमी होईपर्यंत नेऊन बरोबर मध्यावर आवळा. मे महिन्यात जेमतेम चित्र देणारी छत्री जूनच्या पहिल्या सरीतच मान टाकते. मुसळधार पावसात थोडा वेळ चित्र जाणं टळत नाही, पण रिमझिमीत जात असेल तर छत्री नीट लागलेली नाही, हे पक्कं समजा.

केबल आरजी-६ च घ्या. टोकाला कनेक्टर बसवताना मधली तांब्याची तार कनेक्टरच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर बाहेर यावी आणि बाहेरच्या जाळीचा एकही धागा तिला चिकटू नये. एलएनबीला वीज याच केबलमधून जाते. एक केसाएवढा धागा लागला की शॉर्ट होऊन सिग्नल शून्य दाखवतो, आणि सगळे छत्री फिरवत बसतात.

भिंतीला नवं भोक पाडण्याआधी एसीच्या पाइपाचं भोक बघा. त्यातून केबल सहज जाते, वर सिलिकॉन लावलं की झालं. सरकत्या खिडकीसाठी चपट्या केबलचा तुकडा मिळतो, तो चौकटीत दबला तरी चालतो. मात्र वर्ष-दीड वर्षाने बदलावा लागतो. केबल आत शिरण्याआधी बाहेर तिचा खाली लोंबता झोळ ठेवा. पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, नाहीतर केबलवरून ओघळत थेट टीव्हीमागच्या भिंतीत येतं.

दोन टीव्ही असतील तर साधा स्प्लिटर लावून भागत नाही. प्रत्येक बॉक्स चॅनेलप्रमाणे एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. दोन बॉक्स दोन वेगळ्या आज्ञा देऊ लागले की एकावरचे निम्मे चॅनेल गायब होतात. त्यासाठी दोन आउटपुटचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र केबली लागतात.

चित्र आलं, पण काही चॅनेल ‘सबस्क्राइब केलेले नाहीत’ दाखवत असतील तर छत्रीला हात लावू नका. बॉक्स बरेच दिवस बंद राहिल्याने त्यातला चॅनेल दाखवण्याचा परवाना संपलेला असतो. बॉक्स चालू ठेवून ॲपमधून रिफ्रेश पाठवा. माणूस जाण्याआधी पावती घ्या आणि ॲपमध्ये नवा पत्ता चढला आहे का ते बघा. पत्ता जुनाच राहिला तर पुढची तक्रार नोंदवल्यावर माणूस जुन्या इमारतीच्या गेटवर जाऊन उभा राहतो.

पाच-सहा महिन्यांसाठीच घर घेतलं असेल आणि मराठी, हिंदी, बातम्या एवढंच बघायचं असेल, तर खातं स्थगित ठेवून फ्री डिश लावणं परवडतं. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं भाडं नाही. खासगी कंपनीचे सगळे चॅनेल मात्र त्यावर मिळणार नाहीत.

मालकाची छत्री आधीच लावलेली असेल आणि कंपनी तुमचीच असेल, तर तिची केबल तुमच्या बॉक्सला जोडून बघा. स्थलांतराचं शुल्कही वाचू शकतं. कंपनी वेगळी असेल तर विचारल्याशिवाय ती छत्री फिरवू नका.

घर सोडताना बोल्ट काढून भोकात पांढरं सिमेंट किंवा एम-सील भरा, सुकल्यावर रंगाचा हात फिरवा आणि फोटो काढून मालकाला पाठवा. मालकाने आधीच लावलेली छत्री वापरली असेल तर तिचा जुना कोन आणि केबल होती तशी ठेवा, आणि निघताना आठवणीने स्वतःचा ॲडॉप्टर प्लगमधून काढून घ्या.