नाशिकमध्ये फ्लॅट घेताय? प्लॅन बघताना या चुका टाळा

पाथर्डी फाटा असो, गंगापूर रोड असो की आडगाव, साइट ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला: "टू बीएचके की थ्री?" मग बजेट, मजला, पूर्वमुखी आहे का, पार्किंग कुठे. तेवढ्यात रंगीत प्लॅन टेबलावर येतो. त्यावर सोफा, डबल बेड, कोपऱ्यात कुंडी. घरात कोण किती वाजता उठतं, दुपारी कोण झोपतं, पाहुणा आला तर कुठे टेकतो, हे ना विकणारा विचारतो ना घेणारा सांगतो.

मी घरांच्या आतल्या कामाचे नकाशे काढतो. लोक मला बोलावतात ते ताबा मिळाल्यावर, फर्निचरसाठी. तेव्हा हातात उरतं ते फक्त दारं फिरवणं आणि कपाटं सरकवणं. म्हणून टोकन देण्याआधी काय बघायचं, ते इथे मांडतो.

घराचा दिवस कागदावर न उतरवणं

सगळ्यात महाग चूक हीच, आणि ती सुधारायला एक कोरा कागद पुरतो. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत घरातलं प्रत्येक माणूस कुठे असतं ते लिहा. मग तोच दिवस प्लॅनवर बोटाने चालवून बघा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तिसरी पाळी करणारा माणूस सकाळी घरी येऊन झोपतो. त्याच्या बेडरूमची भिंत हॉलच्या टीव्हीच्या भिंतीला लागून असेल, किंवा पलीकडे लिफ्ट असेल, तर त्या घरात दुपार कुणालाच सुखाची जात नाही. तो झोपत नाही आणि बाकीचे मोठ्याने बोलत नाहीत. अशा घराला बेडरूम दोन टोकांना आणि मध्ये हॉल असलेला प्लॅन जास्त मानवतो, मग कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं क्षेत्र, पंधरावीस चौरस फूट कमी का असेना. उलट, लहान मूल असलेल्या जोडप्याला दोन्ही बेडरूम शेजारीशेजारी हव्यात. रात्री तीनदा उठावं लागतं तेव्हा हॉल ओलांडून जाणं नको होतं.

आजी-आजोबा असतील तर संडास-बाथरूमचं गणित आधी करा. दोन बाथरूमपैकी एक मास्टर बेडरूमला जोडलेलं आणि दुसरं सगळ्यांसाठी, असा टू बीएचकेचा नेहमीचा प्लॅन. पाच माणसांच्या घरात सकाळी साडेसहा ते आठ त्या एका बाथरूमसमोर रांग लागते. मी बऱ्याच घरांना सुचवतो की मास्टर बेडरूम म्हाताऱ्या माणसांना द्या. मुलगा-सून आधी जरा गप्प होतात, पण पुढच्या दहा वर्षांचा विचार केला की पटतं. शिवाय बाथरूमच्या दाराची रुंदी विचारा. अडीच फुटी दारात चौकट आणि उघडलेलं पान वजा केलं की मोकळी जागा सव्वादोन फुटांच्या आसपास उरते. त्यातून व्हीलचेअर काढताना हात खरचटतात, रुंद व्हीलचेअर तर अडकतेच.

आणि पाहुणे. निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवल्याची मुळं असलेल्या घरात पाहुणा म्हणजे वर्षातून एकदा येणारा प्राणी नव्हे. कुणी दवाखान्यासाठी येतं, कुणाचं पोरगं क्लाससाठी दोन महिने राहतं, आणि 2027 च्या सिंहस्थात तर दूरदूरची नातीही आठवतील. त्यासाठी तिसरी बेडरूम घ्यायलाच पाहिजे असं नाही. हॉलमधून एखाद्या कोपऱ्याला पडदा किंवा सरकतं दार लावता येईल, आणि तिथून बाथरूमला जायला कुणाच्या बेडरूममधून जावं लागणार नाही, एवढं प्लॅनमध्ये असलं तरी भागतं.

कार्पेटचा आकडा बघून समाधान मानणं

रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा स्थावर संपदा कायदा. त्याने 2016 मध्ये चटई क्षेत्राची, म्हणजे कार्पेटची, व्याख्या बांधून दिली आणि जिना-लॉबीचा वाटा मिसळून सांगायच्या सुपर बिल्टअपची जुनी गंमत बरीच आटोक्यात आली. पण त्या व्याख्येत काय धरतात ते नीट वाचा. बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइप नेण्यासाठीची उभी मोकळी जागा), बाल्कनी आणि खासगी टेरेस यात नाहीत. खोल्यांमधल्या आतल्या भिंतींखालची जागा मात्र आहे. सहा इंची भिंती मिळून साठ फूट लांबीच्या झाल्या तर तीस चौरस फुटांवर भिंतच उभी असते. त्यामुळे सातशे कार्पेटचे दोन फ्लॅट वापरायला सारखे असतीलच असं नाही.

जागा खाणारा दुसरा म्हणजे पॅसेज. साडेतीन फूट रुंद आणि चौदा फूट लांब पॅसेज म्हणजे 49 चौरस फूट. समजा दर चौरस फुटाला सहा हजार असेल, तर चालत जायच्या त्या पट्ट्याचे 2 लाख 94 हजार. त्या भिंतीवर कपाट बसत असेल, निदान पुस्तकं-बिछाने ठेवता येत असतील तर ठीक. दोन्हीकडे दारंच दारं असतील तर ती जागा फक्त झाडायची.

करारात क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, बोलणं फुटांत. गुणक 10.764. म्हणजे 62 चौरस मीटर म्हणजे साधारण 667 चौरस फूट. हे मोबाइलवर तिथल्या तिथे करा. बाल्कनी-टेरेस धरून 'वापरता येणारं क्षेत्र' सांगितलं जात असेल, तर वेगवेगळे आकडे लिहून मागा.

चित्रातलं फर्निचर खरं मानणं

ब्रोशरमधला पलंग कधी कधी एखाद्या सहावीतल्या मुलापुरताच असतो. स्वतः मोजा. दहा बाय दहाची बेडरूम घ्या. डबल बेड साडेसहा फूट लांब. त्याच्या पायथ्यासमोर दोन फूट खोल कपाट. उरलं दीड फूट. कपाटाचं पान पावणेदोन फुटी असेल तर ते पूर्ण उघडणारच नाही. ब्रोशरमधलं माप प्लॅस्टरच्या आधीचं असलं तर आणखी इंच-दोन इंच जातात. अकरा फुटी खोलीत हाच प्रश्न उरत नाही. म्हणून एकूण क्षेत्रापेक्षा प्रत्येक खोलीची लहान बाजू जास्त बोलते.

प्लॅनवरची दारं कुठल्या बाजूला उघडतात ते बघताना पेन्सिलने पाव वर्तुळं गडद करा. दोन दारं एकमेकांवर आदळतात का, दार उघडल्यावर हॉलमधून थेट पलंग किंवा कमोड दिसतो का, स्विचबोर्ड पानाच्या मागे जाणार का, हे लगेच कळतं.

हॉलबद्दल एक गोष्ट नाशिककरांना सांगावीशी वाटते, बाहेरच्याला ती कदाचित कळणार नाही. घरात गौरी-गणपती बसत असतील तर हॉलमध्ये सहा-सात फुटांची एक सलग भिंत लागते, जिच्यात दार नाही आणि जिच्यासमोरून येणंजाणं नाही. आजकालच्या प्लॅनमध्ये हॉलला मुख्य दार, बाल्कनीचं दार, किचनचं तोंड, पॅसेजचं तोंड, अशी चारी बाजूंनी भोकं. सोफा एका भिंतीला, टीव्ही दुसऱ्या भिंतीला, आणि महालक्ष्म्या कुठे? सासूबाईंना साइटवर नेलंत तर हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो. त्यांना न्याच.

उत्तरेचा बाण न शोधणं

प्लॅनवर बाण नसेल तर मागा. 'टायपिकल' म्हणून दाखवलेला प्लॅन तुमच्या विंगमध्ये आरशात बघितल्यासारखा उलटा असू शकतो, आणि मग पूर्वेची बेडरूम पश्चिमेला जाते.

नाशिक साधारण 20 अंश अक्षांशावर. एप्रिल-मेमध्ये भर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा असला की ऊन अडतं. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला कलतो आणि त्याच खिडकीतून आत येतो. इथल्या हिवाळ्यात ते हवंसंच वाटतं. त्यामुळे दक्षिणेची खिडकी म्हटली की नाक मुरडायचं कारण नाही. खरा त्रास पश्चिमेचा. चार वाजताचं तिरपं ऊन छज्जाला जुमानत नाही आणि भिंत रात्री दहापर्यंत गरम राहते. पावसाची झडही बहुतेक त्याच अंगाने येते. पण संध्याकाळचा वाराही तिकडूनच. म्हणून पश्चिमेला हॉल-बाल्कनी चालते, बाथरूम आणि जिना तर उत्तम. म्हाताऱ्यांची किंवा अभ्यासाची खोली तिकडे नको.

वारा आत यायला एक आणि बाहेर जायला दुसरी वाट लागते. एकाच भिंतीला खिडक्या असलेला फ्लॅट कितीही मोठा असो, कोंदट होतो. किचनची खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर शेजारच्यांची फोडणी तुम्हाला रोज कळेल.

ड्राय बाल्कनीला बिनमहत्त्वाची समजणं

ड्राय बाल्कनी म्हणजे किचनला लागून असलेली धुण्याभांड्यांची बाल्कनी. तीन फूट रुंदीच्या अशा बाल्कनीत दोन फूट खोल वॉशिंग मशीन ठेवलं की वाकायला एक फूट. भांडी कुठे घासणार? चार फूट रुंदी आणि वेगळा नळ-ड्रेन असेल तर तिथली कामं किचनबाहेर राहतात. शिवाय वर्षाचे गहू-तांदूळ भरणारं घर असेल तर दोन कोठ्या आणि कांद्याची गोणी कुठे, याचं उत्तर प्लॅनवर दाखवता आलं पाहिजे. कांद्याला हवा लागते, त्यामुळे माळ्यावर ठेवू हे उत्तर चालत नाही. पापड-कुरडयांचं वाळवण गच्चीवर करणार असाल, तर गच्ची सगळ्यांसाठी खुली आहे की वरच्या मजल्याच्या फ्लॅटला दिली आहे, हेही विचारून ठेवा.

किचनला समोरासमोर दोन ओटे हवे असतील तर आठ फूट रुंदी लागते: दोन फूट, दोन फूट आणि मध्ये चार. सात फुटी किचनमध्ये एकच ओटा करा आणि फ्रिज समोर घ्या.

वास्तूच्या नावाखाली उजेड घालवणं

श्रद्धा ज्याची त्याची. पण किचन आग्नेयेला आहे म्हणून अंधारा हॉल आणि बाथरूमला खिडकी नसलेला प्लॅन घेणारी घरं मी पाहतो. देवघर हलवता येतं, खिडकी हलवता येत नाही.

ब्रोशर आणि मंजूर नकाशा एकच मानणं

रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, म्हणजे महारेराच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशा उघडा आणि ब्रोशरशेजारी ठेवा. ब्रोशरमधली 'स्टडी' तिथे 'स्टोअर' निघाली, किंवा टेरेस बंद करून खोली दाखवली असेल, तर प्रश्न तिथेच विचारा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्याचं कलम 13 आहे. कलम 14 प्रमाणे तुमच्या फ्लॅटच्या मंजूर नकाशात तुमच्या संमतीशिवाय बदल करता येत नाहीत, फक्त वास्तुविशारदाने शिफारस केलेले किरकोळ बदल सोडून. महारेराच्या नमुना करारात कार्पेटमध्ये 3 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. 667 फुटांवर तो वीस फूट होतो. त्याहून कमी भरलं तर जादा घेतलेले पैसे परत मागता येतात. म्हणून ताबा घेताना टेप घेऊन जा.

"भिंत नंतर पाडून घेऊ" हे वाक्य ऐकलं की बांधकाम कसलं आहे ते विचारा. अॅल्युमिनियम फॉर्मवर्कच्या, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या, नव्या इमारतींत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या, इमारतीचा भार घेणाऱ्या असू शकतात. त्या फोडायच्या नसतात.

नाशिकमध्ये बऱ्याच इमारती सोसायटी न होता 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली जातात. तिथे सामाईक खर्च इमारतीच्या घोषणापत्रात (डीड ऑफ डिक्लरेशन) प्रत्येक फ्लॅटला दिलेल्या हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो. मोठा प्लॅन घेताना दर महिन्याचा मेंटेनन्स त्या टक्केवारीवरून काढून बघा.

घेऊन झालं असेल तर

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावून फारसं काही होत नाही, कारण ऊन काचेतून आत आलेलं असतं. सावली बाहेरून हवी: बांबूची चिक, जाळी किंवा वेल. दारांची भांडणं बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला नेऊन किंवा सरकतं दार लावून मिटतात, आणि हे तुलनेने स्वस्त काम आहे. कपाटाचं पान अडत असेल तर सरकती पानं करा. लांब पॅसेजच्या भिंतीला नऊ-दहा इंच खोल कप्पे बसतात, पण चालायला तीन फूट उरले पाहिजेत. एकच सार्वजनिक बाथरूम असेल तर वॉशबेसिन बाहेर पॅसेजमध्ये काढा, दात घासणारे रांगेतून कमी होतात.

पश्चिमेच्या भिंतीतून ओल येत असेल आणि ताब्याला पाच वर्षं झाली नसतील, तर आतून रंग देत बसू नका. बांधकामातला दोष पाच वर्षांच्या आत दाखवून दिला तर बिल्डरने तो 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी द्या, फोटो तारखेसह जोडा आणि पोच घ्या. बाल्कनीला बाहेरून ग्रिल किंवा स्लायडिंग लावायचं असेल तर सोसायटीची किंवा अपार्टमेंट असोसिएशनची परवानगीही लेखीच मागा.