नवतप्याच्या उन्हात फणस वाळवताय? मग आधी सावलीची सोय करा

शेतकरी भाऊ-बहिणींनो, मे अर्धा उलटला, नवतपा म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस तोंडावर आले, पारा ४४-४५ वर खेळून राहिला आणि धुऱ्यावरचे, वाडीतले फणस आता पिकायला लागलेत. आपल्या नागपुरात कच्चा फणस, म्हणजे आपलं कटहल, भाजीसाठी हातोहात जातो पण एकदा का तो पिकला की गिऱ्हाईक कमी, मग झाडाखालीच फुटतो, माश्या लागतात आणि शेवटी उकिरड्यावर. यंदा तसं करू नका. पिकलेल्या कापा फणसाचे गरे वाळवले तर वरून साखर नाही, तूप नाही, तळण नाही असा खाऊ तयार होतो, आणि व्हिगन (म्हणजे दूध, तूप, मध असं प्राण्यांपासूनचं काहीच नसलेलं) खाणारे, जिमला जाणारे पोट्टे आता हेच शोधतात.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे ऊन भरपूर, हवा कोरडी, कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर दमट हवेशी जी झुंज द्यावी लागते ती आपल्याला नाही. पण हेच ऊन नुकसानही करतं. दुपारी बाराच्या कडक उन्हात ताजे गरे उघडे टाकले तर वरची बाजू तासा-दोन तासात कडक होते, आतलं पाणी कोंडून राहतं, हाताला तर वाटतं छान वाळलं, आणि डब्यात भरलं की आठवड्याभरात बुरशी. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी दहापर्यंतचं कोवळं ऊन द्या आणि दुपारी वारा खेळेल अशा सावलीत ठेवा, दुसऱ्या दिवसापासून पातळ सुती कपडा वरून ताणून उन्हात ठेवलं तरी चालतं. कपड्यामुळे धूळ आणि माश्या दूर राहतात, रंगही कमी उडतो. स्लॅबवर थेट पसरू नका, मे महिन्यात स्लॅब पायाला चटका देतो, तिथे गरे खालून भाजल्यासारखे होतात. बाजेवर जाळी किंवा धुतलेली सुती साडी ताणा, खालून हवा लागली पाहिजे. चार वाजता आभाळ भरून आलं, वादळ सुटलं की लगेच उचलायचं, आणि रात्री घरात घ्यायचंच.

फणस कोणता घ्यायचा? कापा, म्हणजे ज्याचा गरा घट्ट असतो तो. बरका मऊ आणि रसाळ असतो, त्याचे तुकडे वाळत नाहीत, त्याचा गर गाळून ताटात पातळ पसरून फणसपोळी करा. फक्त ताटाला तूप लावायची सवय असते ना, ती इथे सोडा, खोबरेल तेलाचा हात फिरवा, कारण तूप लागलं की माल व्हिगन राहिला नाही. मधात बुडवलेले गरेही तसेच, मध व्हिगनमध्ये बसत नाही. झाडावरून काढताना काटे चपटे आणि एकमेकांपासून लांब झालेत का बघा, ठोकल्यावर भरीव ऐवजी पोकळ आवाज येतो का ऐका, आणि फळ दोरीने खाली सोडा. आपटलेल्या बाजूचे गरे काळे पडतात, ते वाळवण्यात घेऊ नका.

कापताना हाताला आणि सुरीला तेल लावा, नाहीतर चीक जात नाही. आठळी काढून गऱ्याच्या उभ्या पट्ट्या करा, साधारण अर्धा सेंटीमीटर जाडीच्या, सगळ्या सारख्या असल्या तर सोबत वाळतात. एक लिटर पाण्यात दोन लिंबांचा रस घालून पाच मिनिटं बुडवा, निथळा, मग पसरा. पांढरी पावडर म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरलं तर रंग सोन्यासारखा राहतो हे खरं, पण मग सल्फाइट असल्याचं लेबलवर लिहावं लागतं आणि दम्याच्या पेशंटला त्याचा त्रास होऊ शकतो. मला विचाराल तर थोडा तपकिरी रंग परवडला. ड्रायर असेल तर ६० अंशाच्या आसपास ठेवा, जास्त वाढवून लवकर उरकायला जाऊ नका, तिथेही वरून कडक-आतून ओलं होतंच.

हिशोब आधी करून ठेवा म्हणजे भाव ठरवताना फसगत होत नाही. दहा किलोच्या फणसातून साधारण तीन किलो गरे निघतात, गऱ्यात तीन-चतुर्थांश पाणीच असतं, म्हणजे वाळल्यावर हातात येतं पाऊण किलो ते नऊशे ग्रॅम. आठळ्या फेकू नका, उकडून-भाजून खाता येतात आणि बाजारातही जातात.

वाळलं की नाही ते गरम असताना कळत नाही. एक पट्टी सावलीत गार होऊ द्या, वाकवा, चामड्यासारखी वाकली पाहिजे, फाडल्यावर आत ओल दिसता कामा नये. मग काचेची बरणी दोन-तृतीयांश भरा, झाकण लावून आठवडाभर रोज एकदा हलवा. झाकणाच्या आतून बारीक थेंब दिसले तर समजा अजून ओल आहे, परत वाळवायला टाका. ही पायरी बरेच लोक सोडतात आणि तिथेच माल जातो. उन्हात वाळवलेल्या मालात किड्यांची अंडी असू शकतात म्हणून पॅक करण्याआधी उणे १८ अंशाच्या डीप फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवा.

विकायला काढताय तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करून घ्या, आणि २०२२ च्या नियमानुसार मान्यता मिळाल्याशिवाय पाकिटावर व्हिगनचा लोगो छापता येत नाही. प्रोसेसिंगसाठी मशीन घ्यायचं असेल तर पीएमएफएमई, म्हणजे केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद केलेली आहे, योजना अजून चालू आहे का आणि अर्जाचं तालुका कृषी कार्यालयात विचारा. आणि पाकिटावर "शुगर फ्री" अजिबात लिहू नका! साखर वरून घातली नाही हे खरं, पण फळाची स्वतःची साखर वाळल्यावर अजून दाट होते, शुगरवाल्यांनी मूठभरही बेतानेच खावं, किडनीच्या पेशंटने पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारून. मग यात चांगलं काय, तर फायबर आहे, पोटॅशियम आहे, आणि तळलेल्या चिप्ससारखं तेल नाही.

वाळवणाचा सगळा वेळ मृग लागायच्या आतला धरा. नवतपा साधारण २५ मे पासून नऊ दिवस, तेवढ्यात जेवढे फणस पिकतील तेवढे वाळवून घ्या. त्यानंतर पावसाचा भरवसा नाही, हवा दमट झाली की उन्हातलं वाळवण बंद, मग उरलेले कच्चेच उतरवा आणि भाजीला द्या.