वधू-वर जाहिरातींचे प्रोक्तिविश्लेषण कसे करावे

प्रोक्तिविश्लेषणाला (डिस्कोर्स अॅनालिसिस), म्हणजे सुट्या वाक्यापलीकडच्या सलग मजकुराच्या वा संभाषणाच्या अभ्यासाला, नाव मिळाले ते अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ झेलिग हॅरिस यांच्या १९५२ मधील लेखामुळे. प्रत्यक्ष वापरातल्या भाषेतून सत्तासंबंध कसे घडतात, हा प्रश्न त्याला पुढे जोडला गेला. सुरुवातीला मराठी वृत्तपत्रांतील वधू-वर विषयक पन्नासेक जाहिराती गोळा कराव्यात, तारखा नोंदवाव्यात आणि नावे व दूरध्वनी क्रमांक न चुकता खोडावेत.

मग एकेक शब्द अडवून पाहावा. ‘आंतरजातीय चालेल, एससी, एसटी क्षमस्व’ या ओळीत ‘चालेल’ ते कोणाला, हे सांगितलेलेच नाही. परवानगी कोण देत आहे, हे दडून राहते आणि ‘क्षमस्व’ या सभ्य संस्कृत शब्दाच्या आडून जातीचा नकार शिष्टाचारासारखा उच्चारला जातो. माझ्या मते अभ्यासाचा गाभा इथेच आहे. ‘गृहकृत्यदक्ष’ हे विशेषण वरासाठी कितीदा येते, तेही मोजावे, कारण जे लिहिले जात नाही, तोही पुरावाच असतो.

मात्र जाहिरात देणाऱ्याच्या मनातील हेतूविषयी निष्कर्ष काढू नये. मजकुरात दिसते तेवढेच, मूळ ओळ उद्धृत करून मांडावे.